रुपे आणि हिम : ॲस्पेन या गिरिनगराच्या वसतीचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,९०० फूट उंचीवर ॲस्पेन हे लहानसे नगर वसले आहे. इ. स. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ७,००४ भरली. हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याच्या स्की-क्रीडेसाठी देशोदेशींचे धनिक येथे येतात आणि आज नगराची ख्याती मुख्यतः तेवढ्यावरच आधारलेली आहे. या ख्यातीमुळे नगराचा इतिहासही बहुधा दोन सुट्या कथांच्या रूपाने सांगितला जातो. पहिली कथा चांदीच्या खाणींची. अमेरिकन सरकारने इ. स. १८९३ मध्ये चांदीची खरेदी थांबविली आणि नगर ओस पडले, येथे ती संपते. दुसरी कथा स्कीची. ती दुसऱ्या महायुद्धानंतर जणू रिकाम्या भूमीवर सुरू होते. मधल्या पन्नास वर्षांचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपला जातो.

प्रस्तुत निबंधात ही रूढ मांडणी दोन ठिकाणी तपासून पाहावयाची आहे. नगराच्या ऱ्हासाचा कालक्रम हे पहिले ठिकाण होय. हा ऱ्हास वॉशिंग्टन येथील नोव्हेंबरातील कायद्याने सुरू झालेला नसून, त्याच्या चार महिने आधी हिंदुस्थान सरकारने सिमल्यास घेतलेल्या निर्णयाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. खाणींचे नगर आणि स्कीचे नगर यांमधील सातत्य हे दुसरे ठिकाण. हे सातत्य जमिनीवरील हक्कांत आणि मागे राहिलेल्या माणसांत शोधावे लागते.

१. सीमारेषा आणि मूळ रहिवासी

रोअरिंग फोर्क नदीचे खोरे हा युट लोकांचा उन्हाळी शिकारीचा प्रदेश होता. हिवाळा सुरू होताच ते खालच्या, कमी बर्फाच्या भागात उतरत. म्हणजे या खोऱ्याचा उपयोग पूर्वीपासून होत असला, तरी बारमाही वस्तीची जागा म्हणून त्याकडे कोणी पाहिले नव्हते.

इ. स. १८६८ च्या कराराने संयुक्त संस्थानांच्या सरकारने कोलोराडोचा पश्चिमेकडील मोठा भाग युटांसाठी राखून ठेवला. या राखीव प्रदेशाची पूर्वसीमा १०७ अंश पश्चिम रेखांश ही ठरली होती. ॲस्पेनची जागा या रेषेच्या जेमतेम दहा मैल पूर्वेस पडते. त्यामुळे तेथे आलेले पहिले धातुशोधक कराराचा शब्दशः भंग करीत नव्हते, असे म्हणता येईल. परंतु नदीचे पाणी पश्चिमेकडे वाहते आणि ज्या वाटेने पुढे लोहमार्ग आला ती खालची दरी, तसेच कार्बनडेलच्या आसपासचा कोळशाचा मुलूख, हा सारा प्रदेश त्या रेषेच्या पलीकडे म्हणजे युटांच्या हद्दीत होता. खाण अलीकडे आणि तिची वाट, तिचे इंधन व तिचे धान्य पलीकडे, अशी ही स्थिती होती. युट लोक त्या दरीत राहिले असते, तर ॲस्पेन हे डोंगरातील एक लहानसे खाणठाणे यापलीकडे वाढले असते की नाही, याची शंकाच आहे.

इ. स. १८७९ च्या उन्हाळ्यात लेडव्हिलहून निघालेले धातुशोधक इंडिपेंडन्स खिंड ओलांडून खोऱ्यात उतरले. ही खिंड १२,००० फुटांहून उंच आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला उत्तरेकडील व्हाइट रिव्हर ठाण्यावर युटांनी तेथील सरकारी प्रतिनिधी नेथन मीकर व त्याचे सहकारी यांना ठार केले. शिकारीवर व घोड्यांवर जगणाऱ्या लोकांना सक्तीने नांगर धरावयास लावण्याचा मीकरचा हट्ट या उद्रेकाच्या मुळाशी होता. गव्हर्नर फ्रेडरिक पिटकिन याने पश्चिमेकडील धातुशोधकांना परत फिरण्याचा इशारा दिला आणि बहुतेक जण परतले. पण उद्रेकाचा परिणाम धातुशोधकांच्या पथ्यावर पडला. युटांना हाकलून द्यावे ही मागणी कोलोराडोत आधीपासूनच होती. तिला आता निमित्त मिळाले आणि इ. स. १८८१ मध्ये व्हाइट रिव्हर व अनकम्पाग्रे या दोन्ही युट गटांना यूटा प्रदेशात नेण्यात आले. त्याच वर्षी ॲस्पेनभोवती नवा जिल्हा निर्माण झाला व त्याला पिटकिनचे नाव देण्यात आले. धातुशोधकांच्या पहिल्या छावणीला मात्र ‘युट सिटी’ असे नाव होते. इ. स. १८८० मध्ये ते बदलून, डोंगरउतारावरील ॲस्पेन वृक्षांवरून, आजचे नाव ठेवण्यात आले. ज्या वर्षांत युट लोक खोऱ्यातून गेले, त्याच वर्षांत त्यांचे नावही नगरावरून पुसले गेले.

या प्रकरणाचा शेवट फार उशिरा झाला. घेतलेल्या जमिनीची भरपाई म्हणून युटांना तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचा निवाडा इ. स. १९५० मध्ये झाला. त्याच वर्षी ॲस्पेन येथे स्कीच्या जागतिक स्पर्धा भरल्या होत्या.

२. खाणपट्टे आणि नगररचना

नगराची आखणी खाणींचे उत्पन्न सुरू होण्यापूर्वीच झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इ. स. १८८० च्या हिवाळ्यात बी. क्लार्क व्हीलर हा लेडव्हिलहून बर्फातून खोऱ्यात आला आणि त्याने सरळ काटकोनी रस्त्यांची व अरुंद भूखंडांची नगररचना आखली. भूखंडविक्रीचा हा उद्योग खाणीइतकाच महत्त्वाचा होता. सिनसिनाटीचा भांडवलदार डेव्हिड हायमन याचे नाव नगरातील एका रस्त्याला आहे. ड्युरंट या खाणीचे नाव दुसऱ्याला आहे. वस्तीचा पाया घालणाऱ्या दोन शक्ती, म्हणजे दूरचे भांडवल आणि डोंगरातील शीर, या नावांत आजही दिसतात.

डोंगरावरील हक्क इ. स. १८७२ च्या खाणकायद्याने ठरत. या कायद्यान्वये धातूची शीर सापडलेल्या माणसास जास्तीत जास्त १,५०० फूट लांब व ६०० फूट रुंद असा खाणपट्टा आखून घेता येई. ठराविक काम केल्यावर एकरी पाच डॉलर भरून त्या पट्ट्याची कायम मालकीही मिळविता येई. ज्याच्या पट्ट्यात शिरेचे माथे असेल, त्याला ती शीर शेजाऱ्याच्या जमिनीखालीही खणीत नेण्याचा अधिकार होता. या तरतुदीवरून ॲस्पेनमध्ये १८८० च्या दशकात मोठे खटले झाले. ते दीर्घकाळ चालून अखेर तडजोडीने मिटले. खटल्यांपेक्षा महत्त्वाचा परिणाम असा की, सारा डोंगर लहान लहान खाजगी पट्ट्यांत विभागला गेला. चांदी संपली किंवा तिचा भाव उतरला तरी ही मालकी नाहीशी होणारी नव्हती.

प्रत्यक्ष भरभराट लोहमार्गाची वाट पाहत होती. वाहतूक खेचरांच्या तांड्यांवर असेपर्यंत केवळ अतिशय कसदार धातुकच बाहेर नेणे परवडे. इ. स. १८८७ च्या अखेरीस डेन्व्हर अँड रिओ ग्रँड आणि पुढील वर्षाच्या आरंभी कोलोराडो मिडलँड या कंपन्यांचे लोहमार्ग नगरात पोचले. यानंतर हलक्या प्रतीचा मालही विकला जाऊ लागला. न्यूयॉर्कच्या मेसी पेढीतील भागीदार जेरोम व्हीलर याने धातू गाळण्याच्या भट्टीत पैसा घातला होताच, इ. स. १८८९ मध्ये त्याने नगरात एक मोठे हॉटेल व एक नाट्यगृह उभारले. इ. स. १८९० च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या ५,१०८ व पिटकिन जिल्ह्याची ८,९२९ भरली. दहा वर्षांपूर्वी तंबूंची छावणी असलेल्या या ठिकाणाने काही काळ चांदीच्या उत्पादनात लेडव्हिललाही मागे टाकले.

३. इ. स. १८९३ : कालक्रमाचा प्रश्न

चांदीचा भाव १८७० च्या दशकापासून उतरत होता. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, युरोपातील इतर देशांनी चांदीची मुक्त टांकणी थांबविली आणि नव्या खाणींतून माल वाढतच राहिला. ही घसरण दोन मोठ्या ग्राहकांमुळे काहीशी आवरली गेली होती. अमेरिकन सरकार हा पहिला ग्राहक. इ. स. १८९० च्या शर्मन कायद्याने ते दरमहा ४५ लक्ष औंस चांदी विकत घेत असे. हिंदुस्थान हा दुसरा ग्राहक. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी सर्वांस खुल्या होत्या. कोणीही व्यापाऱ्याने चांदी आणून द्यावी आणि टांकणावळ वजा जाता तिचे रुपये घेऊन जावे, अशी ही पद्धती होती. रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यामुळे जगात कोठेही निघालेल्या चांदीला मुंबईच्या टांकसाळीचे दार हा अखेरचा आधार होता.

हा आधार हिंदुस्थान सरकारला मात्र महाग पडत होता. सरकारला विलायतेत दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम ‘होम चार्जेस’ म्हणून सोन्यात द्यावी लागे आणि तिचा कर रुपयांत गोळा होई. एके काळी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया इ. स. १८९२-९३ मध्ये एक शिलिंग तीन पेन्सांच्या खाली आला. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने मुक्त टांकणी बंद करण्याच्या प्रस्तावास अनुमती दिली. त्याप्रमाणे लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या कारकीर्दीत, २६ जून १८९३ रोजी, सिमल्यास इ. स. १८९३ चा आठवा कायदा मंजूर झाला व टांकसाळी खाजगी चांदीस त्याच दिवसापासून बंद झाल्या.

या बातमीबरोबर बाजारात चांदीचा भाव कोसळला. औंसाला ८० सेंटांच्या वर असलेला भाव काही दिवसांतच ६५ सेंटांच्या खाली गेला. जून महिना संपण्यापूर्वीच कोलोराडोतील खाणमालक व भट्टीमालक यांनी डेन्व्हर येथे एकत्र येऊन काम थांबविण्याचे ठरविले. ॲस्पेनमधील बहुतेक खाणी बंद पडल्या. जेरोम व्हीलरची पेढीही त्या वर्षी बुडाली. जुलैच्या मध्यास डेन्व्हरमधील एकामागून एक बँकांनी दारे लावली. कोलोराडोचा त्या वेळचा गव्हर्नर डेव्हिस वेट हा मूळचा ॲस्पेनचा वृत्तपत्रकार होता. चांदीच्या हक्कासाठी घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त चढले तरी चालेल, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध भाषण ११ जुलैचे आहे. शर्मन कायदा रद्द झाला तो १ नोव्हेंबरला. म्हणजे ज्या कायद्याच्या रद्दतेमुळे नगर बुडाले असे सांगितले जाते, तो कायदा अस्तित्वात असतानाच खाणी बंद झालेल्या होत्या.

तथापि या कालक्रमावरून हिंदुस्थान सरकारचा निर्णय हेच एकमेव कारण होते, असे म्हणणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील आर्थिक अरिष्ट मे महिन्यातच सुरू झाले होते. शिवाय अमेरिका चांदीची खरेदी थांबविणार ही भीती हिंदुस्थान सरकारच्या निर्णयामागील एक प्रबळ हेतू होता. आणि टांकसाळी बंद झाल्यामुळे शर्मन कायदा रद्द करू पाहणाऱ्यांचा पक्ष अमेरिकेत बळकट झाला. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलाविल्याची घोषणा ३० जूनची, म्हणजे सिमल्याच्या कायद्यानंतर अवघ्या चार दिवसांनीची आहे. दोन सरकारे एकमेकांच्या पावलाकडे पाहत होती आणि दोघांच्या मध्ये हजारो मैलांवरील खाणकामगार सापडला होता. नोव्हेंबरच्या कायद्याने जूनमध्ये झालेल्या आघातावर शिक्कामोर्तब केले, एवढेच म्हणता येते.

या आघाताची दुसरी बाजू मुंबईत दिसते. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनमध्ये खपत असे आणि चीनचे चलन चांदीचे होते. रुपया व चांदी यांची फारकत होताच या व्यापाराची गणिते बिघडली. गिरणीमालकांनी तक्रार केली ती याच कारणासाठी. दागिन्यांच्या रूपाने चांदी साठविणाऱ्या शेतकऱ्याची पुंजी हलकी झाली, हा आक्षेपही त्या काळी घेतला गेला. ॲस्पेनचा खाणकामगार आणि दख्खनमधील कुणबी एकमेकांना ओळखत नव्हते. पण एकाने खणलेली चांदी दुसऱ्याच्या घरात पोचण्याची वाट एकच होती, आणि ती एकाच दिवशी अडली.

४. राहिलेले लोक

नगर एकदम ओस पडले नाही. कमी मजुरी स्वीकारून काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. इ. स. १८९४ मध्ये स्मगलर खाणीत सुमारे १,८४० पौंड वजनाचा चांदीचा प्रचंड गोळा सापडला, तो मंदीच्या या काळातच. जनगणनेचे आकडे ऱ्हासाची गती स्पष्ट करतात : इ. स. १९०० मध्ये ३,३०३. १९१० मध्ये १,८३४. १९२० मध्ये १,२६५. आणि १९३० मध्ये ७०५. कोलोराडो मिडलँडचा लोहमार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बंद पडला. याउलट खिंडीजवळचे इंडिपेंडन्स हे खाणगाव पूर्णपणे उजाड झाले. इ. स. १८९९ च्या भीषण हिवाळ्यात रसद तुटल्यावर तेथील लोकांनी घरांच्या फळ्या काढून त्यांच्या स्की केल्या आणि ते बर्फावरून ॲस्पेनला उतरले. स्की हे या डोंगरात क्रीडेचे साधन होण्यापूर्वी जीव वाचविण्याचे साधन होते.

दोन गावांच्या दैवातील हा फरक खालच्या दरीने घडविला. युटांच्या निर्गमनानंतर खुल्या झालेल्या त्या जमिनीवर बटाट्याची शेती व गुरेपालन सुरू झाले होते. इटलीच्या आओस्ता खोऱ्यातून आलेली अनेक कुटुंबे प्रथम खाणींत राबली आणि मग शेतीकडे वळली. उंच डोंगरातील अल्प उन्हाळा, चाऱ्याची साठवण आणि हिवाळ्यातील गोठा हे सारे त्यांना मायदेशीच परिचित होते. याच वर्गामुळे ॲस्पेनची शाळा, दुकाने व न्यायालय चालू राहिले. रिकामी घरे कराच्या थकबाकीपोटी अल्प किमतीस मिळत. काही जळाली, काही पाडली गेली. पण रस्ते, भूखंड आणि डोंगरावरील खाणपट्टे कागदोपत्री जसेच्या तसे राहिले.

५. हिमाचे मोल

इ. स. १९३६ मध्ये या भागात स्कीचे केंद्र काढण्याची पहिली योजना पुढे आली. तिच्या प्रवर्तकांत ऑलिंपिक विजेता बिली फिस्क होता. पण डोंगर दाखविण्याचे काम टी. जे. फ्लिन या ॲस्पेनच्याच रहिवाशाने केले. पाहणीसाठी आलेल्यांत स्विस गिर्यारोहक आंद्रे रॉख होता. पुढे इ. स. १९३९ व १९४७ च्या गढवालमधील मोहिमांमुळे त्याचे नाव हिमालयाच्या इतिहासातही नोंदले गेले. त्याने आखलेली ॲस्पेन पर्वतावरील स्कीची वाट स्थानिक लोकांनी झाडे तोडून मोकळी केली आणि वर चढण्यासाठी घसरगाडी ओढण्यास एका जुन्या खाणीतील उचलयंत्र लावले. उतरत्या वस्तीची यंत्रसामग्री नव्या उद्योगाच्या कामी आली, ती अशी. फिस्क इ. स. १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई लढाईत मृत्यू पावला आणि युद्धामुळे मोठी योजना बारगळली.

युद्धाने एक वाट बंद केली आणि दुसरी उघडली. लेडव्हिलजवळील कँप हेल येथे दहाव्या पर्वतीय पलटणीचे शिक्षण चाले. तेथील ऑस्ट्रियन स्कीपटू फ्रीडल फायफर याने ॲस्पेन पाहिले व युद्धानंतर परतण्याचे ठरविले. शिकागोचा उद्योगपती वॉल्टर पेपके इ. स. १९४५ मध्ये आला. दोघांच्या सहकार्याने स्की कंपनी स्थापन झाली आणि इ. स. १९४६ च्या डिसेंबरात खुर्च्यांचा लांब रज्जुमार्ग सुरू झाला. पेपकेचा ओढा क्रीडेपेक्षा विद्या व संगीत यांकडे अधिक होता. इ. स. १९४९ मध्ये त्याने गटेच्या द्विशताब्दीचा उत्सव भरविला. त्यास अल्बर्ट श्वाइट्झर उपस्थित होते. स्थानिकांनी मात्र सर्व काही निमूटपणे स्वीकारले नाही. घरे एका आराखड्यानुसार रंगविण्यासाठी पेपकेने फुकट रंग देऊ केला, तेव्हा अनेकांनी तो नाकारला. पडत्या काळात ज्यांनी घर राखले, त्यांना त्या घराचा रंग ठरविण्याचा हक्कही आपलाच वाटत होता.

जमिनीच्या हक्काचे सातत्य येथे सर्वांत ठळक दिसते. स्कीच्या वाटा ज्या उतारावरून जात होत्या, तो उतार इ. स. १८७२ च्या कायद्याखालील खाजगी खाणपट्ट्यांनी व्यापलेला होता. कंपनीला ते भाडेपट्ट्याने घ्यावे लागले. त्यांपैकी मोठा वाटा डी. आर. सी. ब्राऊन यांच्या घराण्याकडे होता. वडील खाणींच्या आरंभकाळी येथे आले होते. मुलगा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्की कंपनीचा अध्यक्ष झाला. डोंगराच्या पोटातील चांदीसाठी मिळविलेली सनद डोंगराच्या पाठीवरील बर्फासाठी उपयोगी पडली.

यानंतर वाढ वेगाने झाली. इ. स. १९५८ मध्ये बटरमिल्क व ॲस्पेन हायलंड्स आणि १९६७ मध्ये स्नोमास ही स्कीक्षेत्रे उघडली. लोकसंख्या १९६० मध्ये १,१०१ होती. ती १९७० मध्ये २,४३७ व १९८० मध्ये ३,६७८ झाली. या वाढीच्या पोटातूनच नवा प्रश्न उद्भवला. १८८० च्या अरुंद भूखंडांना धनिकांच्या मागणीमुळे असे मोल आले की, शिक्षक, दुकानदार व कामगार यांना नगरात राहणे अशक्य होऊ लागले. १९७० च्या दशकात पिटकिन जिल्ह्याने बांधकामावर कडक मर्यादा घातल्या. त्याने डोंगर मोकळे राहिले, पण घरांच्या किंमती आणखी चढल्या. त्यावर उपाय म्हणून नगर व जिल्हा यांनी मिळून केवळ तेथे काम करणाऱ्यांसाठी सुमारे ३,००० घरांची योजना उभी केली. तरीही नगराचा बराचसा कामगारवर्ग खालच्या दरीतील बसाल्ट, कार्बनडेल व त्याहूनही दूरच्या गावांतून रोज ये-जा करतो.

६. समारोप

ॲस्पेनच्या वसतीचा इतिहास खाण व स्की अशा दोन कथांत तोडला, म्हणजे तीन गोष्टी नजरेआड होतात. खाणींच्या भरभराटीमागे युटांच्या दरीचा अपहार होता, तो दिसत नाही. कारण नगराची जागा कराराच्या रेषेच्या अलीकडे होती. ऱ्हासाच्या मुळाशी चांदीच्या जागतिक बाजारातील हिंदुस्थानचे स्थान होते, ते दिसत नाही. कारण इतिहास एकाच देशाच्या विधिमंडळापुरता लिहिला जातो. आणि मधल्या पन्नास वर्षांत वस्ती टिकवून धरणारी शेतकरी कुटुंबे दिसत नाहीत. कारण त्यांनी खाण शोधली नाही की रज्जुमार्ग उभारला नाही.

हिंदी अर्थेतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यात एक विशेष सूचना आहे. इ. स. १८९३ च्या टांकसाळ कायद्याचा विचार आपल्याकडे विनिमयाचा दर, होम चार्जेस आणि गिरण्यांचा व्यापार या संदर्भात झालेला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु परदेशी निर्णयांचे आघात सोसणारा देश या एकाच भूमिकेत हिंदुस्थानाकडे पाहण्याची सवय येथे अपुरी पडते. सिमल्याच्या कायद्याने रॉकी पर्वतातील एक नगर हलविले. तो निर्णय हिंदी जनतेचा नव्हता, तिच्या नावाने राज्य करणाऱ्यांचा होता, हे खरे. पण त्या निर्णयाला असे वजन आले ते येथील कोट्यवधी लोकांच्या चांदीच्या मागणीमुळे. ज्या नगराच्या भवितव्यात या मागणीचा असा वाटा आहे, त्याचा इतिहास हिंदी अर्थेतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.